टर्पेंटाइनचं तूप
शेजारी दाराला रंग लावू लागले आणि टर्पेंटाइनचा वास आला, की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसलं. माझे वडील, आबा, खंडाळ्यात साहेबांच्या बंगल्यांना रंग द्यायचे. माझ्या लग्नात तुपासाठी त्यांनी टर्पेंटाइनचा रिकामा डबा राखेनं घासून घेतला. पण टर्पेंटाइन पाण्याला दाद देत नाही, तुपात मात्र लगेच विरघळतं. विहिणींच्या पंगतीत वाफाळत्या आंबेमोहोरावर तूप पडलं आणि व्हार्निशचा भपकारा सुटला. एकीनं घास पत्रावळीमागं थुंकला. सासूबाई म्हणाल्या, "नवरीला वाढा की. तिच्या माहेरचं हाय." मी कालवलं आणि गिळलं. जिभेवर कडू, चिकट तवंग बसला, घशात जाळ उतरला आणि ढेकरेबरोबर तोच वास नाकात परत आला. आबा डबा घेऊन समोरच उभे होते. रंगकामानं त्यांचं नाक कधीच मेलं होतं. त्यांनी विचारलं, "तूप चांगलं हाय न्हवं, पोरी?" सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. "व्हय आबा," मी म्हणाले, "लय चांगलं हाय." आबा खुलले आणि उरलेला डबा त्यांनी माझ्याच भातावर उपडा केला.