तिसऱ्या वळणावरची भिंत

राधानगरीच्या पलीकडच्या त्या वाडीत बाळासोला कधी निवांत बसलेला बघितलाय, असं सांगणारा माणूस मिळायचा नाही. तीस वर्षं मैलकुली म्हणून काढली त्यानं. आपल्या वाट्याच्या रस्त्यावरचा दगड उचलायचा, गटार मोकळं करायचं, खचलं तिथं भर घालायची. निवृत्त झाला, पण हात काही ऐकेनात. पायवाटेवरचा धोंडासुद्धा बाजूला सारल्याशिवाय गडी पुढं जात नाही.

त्या रविवारची तगमग मात्र वेगळी होती. शिवाजी पेठेतल्या एका तालमीची तीस माणसं संस्थानच्या काळातला जुना गाडीघाट चालायला आली होती. नवा डांबरी घाट झाल्यापासून तिकडं कुणी फिरकत नव्हतं. त्यांचा म्होरक्या विजयसिंह, शाळेत इतिहास शिकवणारा. त्यानं वाट दाखवायला बाळासोला बोलावलं आणि नको म्हणायला याची जीभ रेटेना. बायको तानाबाई भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन मागनं निघाली. तीही त्याच रस्त्यावर रोजंदारीनं राबलेली.

खरी गोम होती तिसऱ्या वळणावर. तिथं दरीच्या अंगाला रस्ता तोलून धरणारी दगडी भिंत होती, बाळासोनंच रचलेली. बावीस वर्षांपूर्वी ती पुरी व्हायच्या आधीच जोतिबाची चैत्रातली यात्रा तोंडावर आली. वाडीची देवापुढं नाचवायची उंच सासनकाठी पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर यायची होती. मग कसला धीर निघतोय! भिंतीला आरपार बांधणारे लांब दगड बसवायचे तर आणखी चार दिवस हवेत. यानं बाहेरनं तोंड तेवढं साधलं, आत गोटे आणि माती कोंबली आणि गुलालात नाचायला पळाला. माती तानाबाईच वाहत होती, पण बाईमाणसाला भिंतीतलं काय कळतंय, असं या शहाण्याला वाटलं. वर्षभरात नवा घाट झाला, जुना बंद पडला. सुटलो, असं त्यानं शंभरदा मनाला सांगितलं. मन ऐकतंय होय?

आज तो सारखा पुढं पळत होता, परत मागं येत होता. माणसं मोजायचा, चुकायचा, पुन्हा मोजायचा. विजयसिंह आपला रंगात येऊन मिठाच्या गाड्या कशा चढायच्या ते सांगतोय आणि याचं सगळं ध्यान तिसऱ्या वळणाकडं.

तिसरं वळण आलं. भिंत उभी होती, शेवाळानं हिरवी झालेली. विजयसिंहाला जागा फार आवडली. सगळ्यांनी अगदी कडेला ओळीत उभं राहा, मागं दरी येऊ दे, असं म्हणत तो फोटोची तयारी करायला लागला. माणसं सरकायला लागली तसा बाळासो हात पसरून आडवा झाला.

विजयसिंह हसला. एवढे पावसाळे काढले तिनं मामा, आजच पडायची होय, म्हणाला. दोघंतिघं बाजूनं पुढं निघालेच. बाळासोनं एकदा बायकोकडं बघितलं. माझ्या मालकाचं काम म्हणजे पोलाद, असं गावभर सांगणारी बाई ती. तिच्यासमोर हे बोलण्यापेक्षा दरीत उडी घेतलेली बरी, असं त्याला झालं.

"म्या ती पोकळ बांधल्या," तो म्हणाला. "यात्रंला जायचं हुतं म्हणून आत नुस्ती माती भरल्या. कडंला कुणी जायचं न्हाय."

पुढं निघालेले दोघंतिघं मागं सरकले. तानाबाईनं बुट्टी खाली ठेवली.

"न्हाय ती पोकळ. तुमी जोतिबाच्या डोंगरावर गेल्यावर आमी चौघी बायकांनी उकलली. लांब दगड घालून परत रचली."

बाळासो गर्रकन तिच्याकडं वळला. "आन मला बोलली न्हाईस?"

"तुमी तरी मला कुठं सांगितलं हुतं?"

लाजेनं बाळासोचे कान तापले. विजयसिंहानंच मग सावरून घेतलं, मामा तुम्ही फोटोत मधी उभं राहा म्हणाला, आणि त्याचा दंड धरला. बाळासोनं तो सोडवून घेतला.

"तिला घ्या मधी," तो म्हणाला. "भिंत तिची हाय."