फिकट जांभळा तीन

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उमरग्यातल्या एका कापड दुकानात अडतीस वर्षं साड्या दाखवल्या. घरात त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. "दुसऱ्यांच्या बायकांना साड्या दाखवण्यात जिंदगी गेली ह्यांची," असं आई चारचौघांत म्हणायची आणि आम्ही पोरं हसायचो. अण्णाही हसायचे. ह्या माणसाला आपल्यापेक्षा काही जास्त येत असेल, असं मला चाळिशी ओलांडेपर्यंत वाटलं नाही.

मी तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं, सर्वांना खुलं असलेलं ऑफिस सॉफ्टवेअर आलं. ते मराठीत आणायला काही लोक हौसेनं काम करतात, असं कळलं आणि मीही त्या गटात गेले. मेनूतले शब्द, सूचना यांचं मराठी करून पाठवायचं. गटाचे प्रमुख मोठ्या शहरातले एक शिकलेले गृहस्थ होते. त्यांना मी कधी पाहिलं नाही, सगळा व्यवहार ईमेलवर. एकदा त्यांनी विचारलं, रंगांचं काम कोण घेतं? अक्षरांना, तक्त्यांना रंग द्यायची एक चौकट असते, तिच्यात शंभरावर छोटे चौकोन. माउस चौकोनावर नेला की रंगाचं नाव उमटतं. ते रंग नीट गटवार लावायचे आणि त्यांना मराठी नावं द्यायची. मी हो म्हणाले.

पहिल्याच रविवारी अडले. हिरवा, गडद हिरवा, पोपटी लिहिलं आणि पुढं काही सुचेना. अण्णा मागं शेंगा फोडत बसले होते. चष्मा वर करून म्हणाले, "त्यो राघू हाय. पोपटी त्याच्या खालचा."

"आणि हा?"

"शेवाळी."

पुढचे चार-पाच महिने प्रत्येक रविवारी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढं बसलो. अबोली, आमसुली, कोनफळी, गुलबक्षी, चिंतामणी. जुन्या निजामी गिऱ्हाइकांकडून आलेले उन्नाबी, कासनी, सुरमई. एका नारिंगीपाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "करडईचं फूल सुकाया लागल्यावर व्हतं, तसा. करडई लिही." एकाच घरातले रंग एका थप्पीला, असं म्हणत त्यांनी माझी मांडणीही बदलून टाकली. एका भडक हिरव्याला मात्र त्यांनी नाव दिलंच नाही. "असा रंग सुतावर चढत न्हाय. ह्याला नाव कशाचं द्यायचं?" त्यांच्यासाठी तो चौकोन मी रिकामा ठेवला.

त्या महिन्यांत आई दोनदा येऊन आमच्या मागं उभी राहिली, पडद्यावरचे चौकोन बघितले आणि आत गेली.

मी फाइल पाठवली. आठवड्यानं प्रमुखांचं उत्तर आलं. मेहनतीचं कौतुक होतं. पण नावं फार प्रादेशिक आहेत, काही उर्दू आहेत, सगळ्या महाराष्ट्राला कळणार नाहीत. प्रमाण आणि क्रमवार नावं असावीत: फिकट, गडद आणि पुढं आकडा. 'तुमची हरकत नसेल तर तुम्हीच बदलून द्याल का?'

हरकत घेता आली असती. मी दोन दिवसांत बदलून दिलं. सहभागी लोकांच्या यादीत माझं नाव येणार होतं, आणि एवढ्या मोठ्या लोकांत वाद घालणारी बाई म्हणून मला ओळखलं जायला नको होतं. खरं कारण एवढंच. अण्णांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "घेतली त्यांनी नावं. सगळी."

ते खूश झाले. शेजारच्यांना सांगून आले.

पुढं एक दिवस मी विसरलेली किल्ली द्यायला अण्णा ऑफिसात आले. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुझ्या मशिनीत आपली नावं दाव की, बाईंना बी बघू दे." घरच्या कॉम्प्युटरवर आमची फाइल अजून होती, इथं नवीन आवृत्ती होती. मी चौकट उघडली. त्यांनी कासनीवर बोट ठेवलं. मी माउस नेला.

"फिकट जांभळा तीन," त्यांनी हळू वाचलं. मग विचारलं, "एक अन् दोन कुठं हायत?"

मी दाखवले.

"नंबर घातलेत व्हय," म्हणाले, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं, ईमेलसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुला इचारलं हुतं का त्यांनी?"

"हो."

"मग तू काय म्हनलीस?"

"चालेल म्हणाले."

"म्या बी शेठच्या सांगण्यावरनं उन्नाबीला मरून म्हनायचो. गिऱ्हाइकाला त्येच कळायचं. पन घरी येऊन तुमच्याशी खोटं न्हाय बोललो कधी."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी गटाला लिहिलं की आमची पहिली नावंच पुन्हा लावा. उत्तर सभ्य होतं: वेगळी फाइल म्हणून ठेवा, ज्याला हवी तो उतरवून घेईल. ठेवली. तिच्याबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. मी गट सोडला, पण यादीतलं माझं नाव अजून तिथंच आहे. ते काढा म्हणायचं धाडसही मला झालेलं नाही.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी दोन साड्या आणल्या. अण्णांपुढं उलगडून विचारलं, "यातली कोणती नेसू?"

त्यांनी बघितल्यासारखं केलं. "ती निळी नेस."

दोन्ही निळ्याच होत्या.