भाऊजी आणि वायफायची दवंडी

सांगितल्याशिवाय चैन न पडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या भाऊजींच्या पासंगालाही त्यातलं कुणी पुरणार नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते विद्यापीठाच्या संगणक विभागात, मी तिथल्याच ग्रंथालयात, आणि राहायला एकाच इमारतीत, ते वर, आम्ही खाली. म्हणजे सुटका कुठेच नाही! आवारातलं जुनं वायफाय सोमवारी बंद होऊन नवं सुरू होणार, त्यात आधी आपापलं नाव नोंदवायचं, एवढीच काय ती बातमी. ती त्यांनी मला जिन्यात सांगितली, ग्रंथालयात सांगितली, आणि शनिवार पेठेत भाचीच्या साखरपुड्यात, पानावर जिलबी पडत असताना पुन्हा सांगितली. बरं, नुसतं सांगून थांबतील तर ते भाऊजी कसले! "आता तुम्ही म्हणून दाखवा बघू, वहिनी." अहो, मी काय पहिलीतली पोर आहे?

मेलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "मेल नुसता जातो, वहिनी. पोचला की नाही ते माणसाच्या तोंडावर कळतं," असं म्हणत ते एकेका विभागात जातीने जायचे आणि समोरच्याच्या फोनमध्ये नवं वायफाय लागल्याशिवाय खुर्ची सोडायचे नाहीत. एका विभागप्रमुखांना तर त्यांनी सगळं परत म्हणायला लावलं. दोनदा, कारण पहिल्यांदा चुकलं. झालं, साहेबांचा अपमान झाला! तक्रार वर गेली आणि हुकूम खाली आला, की हिंडणं बंद, एक मेल पुरे. वसतिगृहं तेवढी सांगायची राहिली होती. "निदान पोरांना सांगून येतो," म्हणून भाऊजी वरच्या साहेबांच्या दारात ताटकळले. "मेल गेलाय ना? मग विषय संपला," असं उत्तर मिळालं. त्या मेलला भलंमोठं परिपत्रक जोडलेलं, 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात. कोण मरायला वाचतंय!

सोमवारी सकाळी ग्रंथालयात एकच कालवा. भाऊजी ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर बसले होते, त्यांचे फोन मजेत चालू, आणि वसतिगृहातली सगळी पोरं ठणठणीत कोरडी. कोपऱ्यात चंद्रपूरकडची एक मुलगी रडकुंडीला आलेली. तिची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर व्हायची होती आणि वायफाय लागेना. मी भाऊजींना फोन केला. ते धापा टाकत आले, तिचं नाव नोंदवलं, जोडून दिलं. पडद्यावर एक गृहस्थ दिसले, तुमची वेळ गेली, दुसरे उमेदवार बसलेत म्हणाले, आणि दिसेनासे झाले.

"मले कोनी सांगितलंच नाही ना जी," पोरगी म्हणाली.

आणि ज्यांना सांगायला मनाई केली होती, ते आमचे भाऊजी तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलं माझं, बाळ. मी यायला हवं होतं."

असा संताप आला मला! माफी मागायची कुणी, आणि मागतंय कोण? मी तडक त्या वरच्या साहेबांकडे गेले. साहेब चहा पीत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. "मॅडम, आपण मेल बघत नाही का?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानंतर भाऊजींनी सांगणंच सोडलं. जिन्यात भेटले तर हसतात, बाजूला होतात. परवा आमच्या इमारतीची टाकी धुतली. सोसायटीचं काम तेच बघतात. मी तोंडाला साबण लावला आणि नळाला थेंब नाही! तशीच तणतणत जिना चढून गेले.

"भाऊजी, सांगायचं नाही का हो?"

त्यांनी पेपरातून डोकं वर केलं. "ग्रुपवर टाकलं होतं, वहिनी," म्हणाले, हळूच, आणि परत वाचायला लागले.

साबण डोळ्यांत चालला होता. चांगली भांडायला म्हणून आले होते मी, पण तशीच कठडा चाचपडत जिना उतरले.