वर्षाला बारा अमावस्या

लातूरची गाडी लागली अन् आप्पांनी, माझ्या वडलांनी, खिडकीतून त्यांची वही माझ्या हातात दिली. शिरूर अनंतपाळचा स्टँड, माझा दहावीचा निकाल नुकताच लागलेला, आई बाजूला डोळे पुसून राहिलेली. आप्पा म्हणले, "माय, पानं सुटायलीत याची. नव्या वहीत चांगल्या अक्षरात उतरवून दे. पण आधी अभ्यास." मी म्हणले हाव हाव, पहिल्या सुट्टीतच देते! लई खुशीत होते. लातूर! क्लास! डॉक्टर!

गावच्या ग्रुपवर एवढं मोठं कुणी वाचत न्हाई, माहीत हाय. तरी गावात राहिलेल्यांनी अन् माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनी, वाचाच.

लहान पोरांना माहीत नसंल म्हणून सांगते. भूकंपात आपलं जुनं गाव पडलं, महादेवाचं देऊळ पण पडलं. आप्पा तवा माझ्याएवढे. त्यांना दगडाखालून जिवंत काढलं, अन् त्यांच्या मनानं घेतलं की देवानं ठेवलं ते हे देऊळ परत उभं करायलाच. मग नवं गाव बसलं, नवं देऊळ झालं, टाइल्सवालं. आप्पा गवंडी. रोज दुसऱ्यांची घरं बांधायची, अन् अमावस्येला गवंडीकाम बंद असतंय म्हणून तेवढा एक दिवस जुन्या गावात. प्रत्येक दगडावर रंगानं नंबर टाकलेला. कोणता दगड कुणाच्या शेजारी, कोणती बाजू वर, ते वर्षानुवर्षं ताडून ताडून वहीत लिहिलेलं. लोक म्हणायचे, "का हो मिस्तरी, देव तर नव्या गावात राहायला आला, हे काय भाड्यानं देता का?" आप्पा पण हसायचे. "अमावस्येला मला कोण काम देतंय? त्यानं दिलं!"

वर्षाला बारा दिवस. तरी भिंती छातीपर्यंत आल्या होत्या.

लातूरला रूमवर आम्ही सहाजणी. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट. वही कॉटखाली, नोट्सच्या गठ्ठ्यात. ही टेस्ट झाली की उतरवते, ती झाली की उतरवते. दिवाळीच्या आधी रूम बदलली तवा सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. त्या पैशात आम्ही पाणीपुरी खाल्ली.

आठवलं चार दिवसांनी! पळत गेले, पण माल पुढं गेला होता. आप्पांना फोन लावला, रडत रडत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, "देवानं काम मला दिलंय माय, वहीला न्हाई. तू अभ्यास कर."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या अमावस्येपासून एकेक दगड उचलायचा, लावून बघायचा, न्हाई बसला की उतरवायचा. जो एकदा उचलायचा तो चारदा. आई फोनवर सांगायची, पाठ धरलीय त्यांची. मी म्हणायचे मलम लावा, माझी टेस्ट हाय. बारावीच्या वर्षी दगड उतरवताना त्यांचा मणका गेला. त्याच उन्हाळ्यात माझा नीट परीक्षेचा निकाल. नंबर लागला न्हाई. नांदेडला विष्णुपुरीत सिव्हिल इंजिनिअरिंगला गेले. आप्पा खाटेवरून म्हणले, "गवंड्याचीच निघाली शेवटी!" सगळे हसले. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. आवाज जाईपर्यंत विचारायचे, "अमावस्या कवा हाय?"

आता अमावस्येला मी जाते. कॉलेजला दांडी, अहमदपूरला गाडी बदलायची, दुपारपर्यंत जुनं गाव. खरं सांगू? मला देवानं काही सांगितलेलं न्हाई. मी लई कान देऊन बघितलं. आप्पांना ऐकू आलं होतं, तेवढ्यावर जायलेय. हॉस्टेलच्या फॉर्मवर घर म्हणून नव्या गावचा पत्ता टाकते, पण तिथं त्यांची रिकामी खाट बघवत न्हाई. जुन्या गावात त्या भिंतीला टेकून आईसोबत भाकर खाल्ली की घरी आल्यासारखं वाटतं. वर छत न्हाई, कदाचित माझ्यानं होणार पण न्हाई.

परवाच्या अमावस्येला मी अन् आईनं पहार लावून, फळीवरून ढकलत सदतीस नंबरचा दगड वर नेला. बसला न्हाई. आई म्हणली, "फिरवून बघ." फिरवला. तरी न्हाई. परत खाली घेतला. माझी गाडी निघायची वेळ झाली होती, मी हात झटकून उठले. आईनं पदरानं अडतीस नंबरवरची माती पुसली अन् म्हणली, "पुढच्या खेपेला हा."