कोशात न सापडलेला शब्द

आमच्या थोरल्या जाऊबाई कपडे शिवत नाहीत, दुसऱ्यांनी शिवलेले कपडे माणसाच्या मापाचे करून देतात. सैल असेल ते घट्ट, घट्ट असेल ते सैल, लांब असेल ते आखूड. दुकान म्हणजे त्यांच्या घराखालची एक खोली. दोन मशीनं, एक इस्त्रीचं टेबल आणि पडद्यामागे उभा आरसा. एका मशीनवर त्या बसतात, दुसऱ्यावर मी. काजं-बटणं आणि त्यांचं बोलणं ऐकणं ही दोन्ही कामं माझ्याकडे असतात.

या धंद्यात त्यांचा एक कडक नियम आहे. गिऱ्हाईक कितीही फुगून आलेलं असो, "तुम्ही जाड झालात" म्हणायचं नाही. "कापड आटलं" म्हणायचं. पलीकडच्या बँकेतल्या साहेबांची प्रत्येक विजार दर सुट्टीनंतर आटते. साहेब कापडगिरणीला शिव्या घालतात, जाऊबाई मान डोलवतात आणि शिवणीच्या आत दाबलेली माया सोडून कंबर वाढवून देतात. जादा कापडाला आमच्यात मायाच म्हणतात. ती ठेवली नसेल तर मोठ्यातला मोठा कारागीर हात टेकतो.

स्वतः जाऊबाई अंगानं चांगल्या भरलेल्या आहेत. हे मी इथे लिहितेय, दुकानात बोलायची माझी छाती नाही.

आता इतक्या जपून बोलणाऱ्या बाईच्या अंगाबद्दल दुसऱ्या कुणी बोललं तर काय होईल? तेच झालं, आणि तेही पोटच्या मुलीच्या लग्नात.

माझ्या पुतणीनं समुद्रापलीकडचा मुलगा केला. मुलगा सोन्यासारखा, इथेच नोकरीला लागलेला, आमची भाषाही मोडकीतोडकी बोलणारा. त्याच्या आईला मात्र स्पॅनिशशिवाय एक अक्षर येत नव्हतं. नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, बाहेर फोटो निघाले. फोटोवाला जाऊबाईंना म्हणाला, "मावशी, जरा मागे सरका, फ्रेममध्ये मावत नाहीये." तिथूनच पारा चढायला लागला होता. तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. काडीसारख्या किडकिडीत, चेहरा लालबुंद. त्यांनी आधी छातीवर हात ठेवला, मग दोन्ही हात हे एवढे फाकवले आणि जाऊबाईंकडे बघून काहीतरी म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. जाऊबाईंच्या मते ते हसू दाबल्याचं पाणी होतं. मी त्या वेळी फाटकापाशी गाडी बघायला गेले होते. परत आले तर जाऊबाई दातओठ खात उभ्या.

"नो केपो म्हणाली मला," त्या गाडीत माझ्या कानात म्हणाल्या. "हात फाकवून दाखवले, एवढी! आणि वर म्हणाली, माझी ॲलर्जी आहे तिला."

"ॲलर्जी?"

"स्वच्छ ऐकलं. नो केपो, काहीतरी काहीतरी, ॲलर्जी. शब्द विसरू नये म्हणून मघापासून घोकतेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही केपोच्या मागे लागलो. मी फोनमध्ये बोलून पाहिलं तर फोन म्हणाला, टोपी. जाऊबाई म्हणाल्या, मला टोपी कशाला म्हणेल ती? मग वाचनालयातून स्पॅनिशचा जाडजूड कोश आणला. इस्त्रीच्या टेबलावर उघडून आम्ही दोघींनी केपो शोधला. या अक्षरात बघितला, त्या अक्षरात बघितला. नाही म्हणजे नाही.

"बघितलंस?" जाऊबाई कोश मिटून म्हणाल्या. "छापायचीसुद्धा लाज वाटावी असा शब्द आहे."

"मुलीला विचारा ना सरळ."

"आणि घाणेरडं काही निघालं तर? तिनं कुणाची बाजू घ्यायची? तिला त्या नात्यात नांदायचंय."

"मग जावयांना?"

"तो आईला वाचवायला खोटं बोलेल. मी त्याच्या जागी असते तर मीही बोलले असते."

विषय मिटला, राग मिटला नाही. पुढची तीन वर्षं विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला की जाऊबाई तो छताकडे तोंड करून टेबलावर ठेवायच्या आणि "हो, हो, छान" एवढंच म्हणायच्या. त्या बाईला तीन वर्षं आमचा फिरता पंखा दिसला.

मग पुतणीला दिवस गेले. आम्ही सगळे हरखलो. पण चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, मनाला त्रास होईल असं काही कानावर घालायचं नाही म्हणूनही सांगितलं. तिनं पडल्या पडल्या आईचा हात धरला.

"आई, शेवटच्या महिन्यात मला तुम्ही दोघी हव्यात. आमच्या घरात जागा नाही. त्यांना तुझ्याकडे ठेवशील? वरची खोली आहे."

"बघते," जाऊबाई म्हणाल्या. आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही. पण मुलीचा तो उतरलेला चेहरा बघून तोंडानं नाही म्हणवेना. आम्ही घरी परतलो. दारात आल्यावर म्हणाल्या, "ज्या बाईनं मला तसलं काही म्हटलं, तिला मी माझ्या छपराखाली घेणार नाही. पण काय म्हटलं ते आधी कळू दे. उद्यापासून मी स्पॅनिश शिकते. तूही चल."

"मी कशाला?"

"सोबत!"

वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळचा वर्ग भरायचा. शिकवणारे मास्तर जन्मभर मालवाहू जहाजावर आचारी होते. बंदराबंदरात भाजी घेता घेता भाषा उचलली आणि निवृत्त झाल्यावर व्याकरणाचं वेड लागलं. मी म्हटलं, यांनाच विचारून टाका, एका मिनिटाचं काम. जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवीत वही शोधायला लागले. परक्या पुरुषासमोर तसला शब्द? कधी ना कधी तो आपोआप वर्गात निघेल, असा त्यांचा हिशेब होता. शिवी असेल तर वर्गात कशी निघेल, हे विचारायची सोय नव्हती.

सरळ क्रियापदं त्यांना फार आवडली. एक कागदी नमुना कापला की त्यावर शंभर सदरे बेतावेत, तसं. मग मास्तरांनी अनियमित क्रियापदं काढली आणि जाऊबाई बिथरल्या.

"ईर म्हणजे जाणे," मास्तर म्हणाले. "वोय, मी जातो. फुई, मी गेलो."

"ईरचं वोय? यात ईर कुठे आहे? हे कुणी शिवलंय?"

"बाई, तुमच्या जाणेचं गेलो कसं होतं? त्यात जा कुठे आहे?"

जाऊबाईंचा हात गालावर गेला. जन्मभर गेले, गेला, गेली म्हणत आल्या आणि त्यात जा नाही हे त्यांना आज कळत होतं. पण हार मानतील तर त्या जाऊबाई कसल्या. मास्तरांनी पुढे सांगितलं की असणेचा भूतकाळही फुईच होतो, म्हणजे 'मी होतो' आणि 'मी गेलो' दोन्ही एकच. त्यावर त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे माणूस होता म्हणा की गेला म्हणा, यांना सारखंच! बरोबरच आहे एका अर्थी." सगळा वर्ग हसला, मास्तरांनी खडू खाली ठेवला.

मग आले अर्थ. साधी गोष्ट सांगायची तो स्वार्थ, हुकूम सोडायचा तो आज्ञार्थ, व्हावं असं वाटतं तो विध्यर्थ, आणि असं झालं असतं तर तसं झालं असतं हा संकेतार्थ. "आमच्या घरात आज्ञार्थ माझा आणि संकेतार्थ ह्यांचा," जाऊबाईंनी जाहीर केलं. थोरले भावजी तेव्हा घरी बसून, पेन्शनीची नोकरी घेतली असती तर काय झालं असतं याचाच विचार करत असणार.

हसतखेळत दिवस सरत होते आणि पुतणीला उत्तर द्यायची वेळ जवळ येत होती. विहीणबाईंचं तिकीट अडून राहिलं होतं. शेवटी तिनं फोन केला. "आई, रविवारपर्यंत सांग गं. नाहीतर मी त्यांना येऊ नका म्हणते." शेवटचे शब्द बोलताना तिचा आवाज फुटला. जाऊबाईंनी फोन ठेवला आणि एका चांगल्या झग्याची चुकीची बाजू उसवून ठेवली. त्यांच्या हातून असली चूक झालेली मी पहिल्यांदा पाहिली. त्यांना मुलगी हवी होती आणि मानही हवा होता, आणि एकासाठी दुसरं सोडायला मन घेत नव्हतं.

गुरुवारी वर्गात गेलो. मास्तरांनी फळा पुसला. "आज एक चमत्कारिक क्रियापद. काबेर." आणि वरच्या ओळीत प्रथमपुरुषाचं रूप लिहून मोठ्यानं वाचलं, "केपो."

जाऊबाई बाकावरून उभ्या राहिल्या. "मास्तर! पुसा ते!"

"काय झालं?"

"फळ्यावर लिहिताय? बायकामुलींसमोर?"

वर्गात एक न्हावी होता आणि हॉटेलात काम करणारी एक मुलगी होती. दोघांनी आधी फळ्याकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे. मास्तर गोंधळून म्हणाले, "अहो, काबेर म्हणजे मावणे. केपो म्हणजे मी मावतो. मी मावते."

"मावणे?"

"जागेत मावणे. डब्यात, खोलीत, मोटारीत. कोशात काबेरच सापडेल, केपो सापडायचा नाही. तुमच्या कोशात तरी गेलो कुठे सापडतो?"

जाऊबाई हळूहळू खाली बसल्या. मला वाटलं, आता पुन्हा भडकणार, कारण मावत नाही म्हणजे शेवटी तेच झालं. पण त्या शिकलेल्या होत्या. "मास्तर, तू मावत नाहीस, हे कसं म्हणायचं?"

"नो काबेस."

"काबेस नाही म्हणाली ती. केपोच म्हणाली." मग स्वतःशीच, "म्हणजे मी नाही. ती. ती मावत नाही? ती तर काडी आहे, ती कुठेही मावेल!"

मास्तरांनी विचारलं, पूर्ण वाक्य काय होतं? जाऊबाईंनी तीन वर्षं जपलेला तो ऐवज बाहेर काढला. नो केपो, काहीतरी काहीतरी, ॲलर्जी. मास्तरांनी डोळे मिटले आणि हसायला लागले. "नो केपो एन मी दे अलेग्रीआ. अलेग्रीआ म्हणजे आनंद, बाई. आनंदानं मी माझ्या स्वतःतच मावत नाही. आपण नाही का म्हणत, आनंद गगनात मावेना?"

वर्ग सुटायच्या आधीच आम्ही बाहेर पडलो. जिन्यावर जाऊबाई मधल्याच पायरीवर बसल्या आणि रडल्या. मला फार वाईट वाटलं, कारण त्या रडत नाहीत, त्या ओरडतात. "तीन वर्षं त्या माउलीला मी पंखा दाखवला गं," त्या म्हणाल्या. मग तिथूनच मुलीला फोन लावला. "तिकीट काढ म्हणावं. वरची खोली तिचीच."

खोली झाडली, पडदे बदलले. पाय मशीनवर, तोंडात काबेर. काबीआमोस, आपण मावत होतो. कुपिमोस, मावलो. काब्रेमोस, मावू. केपामोस, मावावं आपण. भावजी म्हणाले, एवढं मावायचं असेल तर आधी कपाट हलवा. दारातच म्हणायचं म्हणून एक लांबलचक माफीचं वाक्य मास्तरांकडून बसवून घेतलं होतं, संकेतार्थासकट. मला माहीत असतं तर मी तसं केलं नसतं, असं काहीसं.

विहीणबाई आल्या. जावई खाली बॅगा उतरवत होते, त्या एकट्याच जिना चढून वर आल्या. जाऊबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी विहीणबाईंनीच त्यांचे दोन्ही हात धरले, डोळे भरून बघितलं आणि अतिशय प्रेमानं, एकेक अक्षर सोडवून म्हणाल्या, "ता-वा-ले!"

मला काही कळेना. जाऊबाईंचा चेहरा मात्र भिंतीसारखा पांढरा पडला.

"काय म्हणतायत?" मी कुजबुजले.

"टवळे," जाऊबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी मीही म्हटलं होतं तिला. जा गं टवळे. हसून म्हटलं, लोकांना कळू नये म्हणून."

विहीणबाई स्पॅनिशमध्ये सावकाश, आम्हाला समजेल असं सांगत होत्या. तुम्ही माझा हात धरून, हसून हा शब्द दिलात. मी कोशात शोधला, सापडला नाही. मुलाला विचारला नाही, म्हटलं तुमच्याच तोंडून अर्थ ऐकायचा. फोनवर तुमचा पंखा दिसायचा ना, तेव्हा फोन ठेवताना मी त्यालाच हळूच म्हणायचे. तावाले. काय अर्थ आहे याचा?

जाऊबाईंचं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं. सगळे काळ पळाले. मी जमिनीकडे बघत उभी राहिले, कारण हसले असते तर जाऊबाईंनी मला जन्मभर बोलू दिलं नसतं आणि रडले असते तर ते मलाच आवडलं नसतं. जाऊबाईंनी एकदा त्या खोलीकडे बघितलं, एकदा त्या बाईकडे.

"काबेस," त्या म्हणाल्या. तू मावतेस. इथे जागा आहे तुला.

विहीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी बाई चौकस. डोळे पुसत त्यांनी विचारलं, मग तुमच्या भाषेत 'मी मावते' कसं म्हणायचं? यो तावालो?

"नो, नो," जाऊबाई त्यांना पोटाशी धरून म्हणाल्या. "अनियमित आहे. एकच रूप आहे याला. मी तुला म्हणायचं आणि तू मला. बाहेर वापरायचं नाही."

जावई बॅगा घेऊन धापा टाकत वर पोचले, तर त्यांची आई आणि त्यांची सासू एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि एकमेकींना टवळे म्हणत होत्या. गिऱ्हाईक पाठमोरं झाल्यावर दुकानात हा शब्द त्यांनी पुष्कळदा ऐकला होता. ते दारातच थिजले.

"या, आत या," मी म्हटलं. "भांडण नाही, व्याकरण चाललंय."