सातव्या जागेवरचा संघ

क्रीडागृहात त्यांना सगळेच मामा म्हणत. खेळाडू, कोच, तिकिटं तपासणारा, दिव्यांचं बघणारा, इतकंच काय, त्यांच्याहून चार वर्षांनी थोरला असलेला पहारेकरीसुद्धा. मामा म्हणायचा खरा हक्क एकट्याचा होता, तो जावयाचा. आणि जावई तिथल्याच संघात खेळत होता. त्याने "मामा" अशी हाक मारली की बाकीचे गडी ओरडत, "तुझे मामा घरी गेल्यावर रे! इथे ते सगळ्यांचे!"

मामांचं काम म्हणजे कोर्टाची लाकडी जमीन राखणं. एकतीस वर्षं त्यांनी त्या फळ्या अशा राखल्या होत्या की वरचे दिवे खाली मोजून घ्यावेत. घामाचा एक थेंब राहिला तरी साडेसहा फुटांचा माणूस आडवा होतो, आणि साडेसहा फूट आडवे झाले की किती जागा अडते, हे मामांनी डोळ्यांनी पाहिलेलं. सामना चालू असताना ते बास्केटशेजारी स्टुलावर मॉप घेऊन बसत. खेळ थांबला की पळत आत, दोन हात मारले की पळत बाहेर.

पण गावभर नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. लीगमध्ये आठ संघ. हंगाम उघडण्याआधी आठही संघ आळीपाळीने याच कोर्टावर सरावाला येत. सराव संपला की मामा उतरत, पण पुसायला लागायच्या आधी चपला काढायच्या, हात पाठीमागे बांधायचे आणि सगळं कोर्ट एकदा फिरून यायचं. बुटांच्या रबराचे काळे ओरखडे असतात फळ्यांवर. गडी थबकला तिथे आखूड नि जाड, वळला तिथे कोयत्यासारखा वाकडा, उडी मारून उतरला तिथे दोन ठसे जोडीने. मामा मधल्या सुट्टीत एकदा पुसत आणि शेवटी एकदा, म्हणजे पहिल्या तासाचे ओरखडे निराळे, दुसऱ्या तासाचे निराळे. पहिल्या तासात पार मागेपर्यंत धावत येणारे गडी दुसऱ्या तासात निम्म्या वाटेवर रेंगाळले असतील, तर तो संघ हंगामाच्या अखेरीला आपटणार. सगळे ओरखडे एकाच कोपऱ्यात असले तर चेंडू एकाच माणसाकडे जातो. तो रुसला की संघ बसला.

एवढ्यावरून मामा आठ संघांची उतरती यादी करत. कोण पहिला येणार, कोण तळाला जाणार, आणि प्रत्येकापुढे कारणाची एक ओळ. हंगामाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात ती चौकटीत छापून येई. शेजारीच आकडेवाल्या तज्ज्ञांचं अर्धं पान असे, तक्ते नि बाण काढलेलं. लोक आधी चौकट वाचत. एकदा एका बाहेरच्या कोचने मामांना चकवायचं ठरवलं आणि सगळ्या संघाला कोरे बूट घालून सरावाला आणलं. मामा फिरले, हसले आणि लिहिलं, "सहावा. बूट नवे, पाय जुनेच." सहावाच आला तो संघ. कोचने दुसऱ्या वर्षी मामांना बुटांचा जोड पाठवला. दोन नंबर मोठा निघाला, मामांनी त्यात मोजे कोंबून तीन वर्षं वापरला.

असे ते मामा. बायको लवकर गेली, एकुलती लेक त्यांनी एकट्याने वाढवली. लेकीने लग्न केलं ते बास्केटखाली उभं राहून उंच उडीत चेंडू ओढणाऱ्या गड्याशी. जावई घरात शिरताना चौकटीला डोकं आपटे, आणि लेक म्हणे, "बाबा, या माणसाला दार सोडून सगळं उंचावरचं दिसतं."

त्या वर्षी घरच्या संघाचा सराव सर्वांत शेवटी होता. मधल्या सुट्टीत मामा हात मागे बांधून फिरत फिरत बास्केटखाली आले आणि थांबले. उतरल्याचे ठसे होते, पण जोडीने नव्हते. डावा, डावा, डावा. उजवा असलाच तर टाच न टेकलेला, नुसता चवडा लावून उचललेला. ठशावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. तसे बूट संघात एकाचेच होते. ते लेकीने पसंत केले तेव्हा मामा दुकानात बरोबर होते.

मामांनी मॉप आणला आणि तेवढीच जागा पुसून काढली. फेरी पुरी व्हायच्या आधी पुसायचं, असं एकतीस वर्षांत घडलं नव्हतं.

सराव संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत जावई एकटाच गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. मामांना बघताच त्याने पिशवी टॉवेलखाली ढकलली.

"जावईबापू, उजवा पाय घरी विसरून आलात का?"

"काय मामा, तुमचं आपलं काहीतरी!"

"हसण्यावारी नेऊ नका. कधीपासून?"

जावयाचं हसू मावळलं. "मागचा हंगाम संपत आला तेव्हापासून. डॉक्टरांना दाखवलं. आतली गादी गेलीय म्हणाले. उड्या मारत राहिलात तर एक दिवस गुडघा जागेवर राहायचा नाही."

"आणि आमच्या लेकीला हे ठाऊक आहे?"

"तिला कळलं तर बूट खिडकीतून बाहेर जातील."

"बूट नाही जायचे, तिने पसंत केलेत ते. तुम्ही जाल."

दोघंही क्षणभर हसले. मग जावयाने मामांचा मॉप धरलेला हात धरला. "मामा, एक हंगाम. एवढा एक खेळून निवृत्त झालो तर संघ मला मुलांचा कोच करणार आहे, तसं कबूल केलंय. आत्ता मोडका निघालो तर लंगड्याला कोण कोच करतो? मला दुसरं येतं काय? हात वर करण्यापलीकडे मी आयुष्यात काही शिकलेलो नाही."

"मग त्यात मी काय करणार?"

"तुम्ही यादी लिहाल ना! कोच डॉक्टरांचा कागद नंतर वाचतो, तुमची यादी आधी. आपला संघ तुम्ही खाली घातलात की तो कारण विचारायला येणार. तेवढं सांभाळा."

"हे बघा, जावईबापू, मी फळ्यांवर दिसतं तेच लिहितो."

"फळ्या तुम्हीच पुसता ना, मामा?"

मामांनी हात सोडवून घेतला आणि मॉप घेऊन ते बाहेर पडले.

सात संघ त्यांनी बसल्या बैठकीला लिहून काढले. आठव्याशी पेन अडलं. घरच्या संघाची जागा सातवी होती, त्यात शंकाच नव्हती. बास्केटखालचा माणूस एका पायावर उतरतो म्हणजे दुसरी उडी उशिरा, म्हणजे प्रत्येक सुटलेला चेंडू परक्यांच्या हातात. सातवा, फार तर सहावा. कागद घडी करून खिशात घातला, काढला, परत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोच स्वतः साठवणीच्या खोलीत आला आणि पॉलिशच्या डब्यावर बसला. "मामा, सासरे म्हणून नको, फळ्या पुसणारा माणूस म्हणून सांगा. तुमच्या जावयाच्या पायाबद्दल माझ्या मनात जरा खुटखुट आहे. पहिला महिनाभर त्याला बसवावं आणि बाकावरच्या गड्याला उभं करावं, असं घाटतंय. तुम्हाला काय दिसलं?"

आता कुणालाही वाटेल, इथे मामांनी तोंड उघडायला हवं होतं. मामांनाही तसंच वाटलं. पण त्यांना डोळ्यांपुढे दिसला तो मोठ्या देहाचा माणूस, टॉवेलखाली पिशवी लपवणारा, आणि त्याच्यापलीकडे लेकीचं घर.

"जावयालाच उभं करा," मामा म्हणाले. "भक्कम आहे."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

"संपलं मग!" कोचने मांडीवर थाप मारली आणि तो गेला. चौकटीत छापून आलं, "तिसरा. बास्केटखालचा माणूस भक्कम."

चार सामने जावई सगळा वेळ खेळला. ज्याला महिनाभर विश्रांती मिळणार होती तो पाय मामांच्या शब्दावर रोज उड्या मारत होता. मामा स्टुलावर बसून खेळ बघत नव्हते, ते उजवी टाच बघत होते. पाचव्या सामन्यात चेंडू रिंगवरून उसळला, जावई दोन जणांच्या वर गेला, चेंडू हातात घेतला आणि खाली आला तो या खेपेला उजव्यावर. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. मामांना तो स्टुलावर ऐकू आला.

चौघांनी त्याला उचलून नेलं. जिथे तो पडला होता तिथे घामाचं थारोळं होतं, आणि पंच ओरडला, "मामा, लवकर! खेळ थांबलाय!" मामा उठले, आत गेले आणि पुसून आले. दोन हातांत पुसलं जात नव्हतं. पाच लागले.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. हाडाचे डॉक्टर म्हणाले, गुडघा आता वाकायचा नाही, काठी कायमची. "आधी कधी दुखत होतं का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा जावयाने बायकोकडे बघत सांगितलं, "कधीच नाही. अचानक झालं." मामा दाराशी उभे होते. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनीही होकाराची मान हलवली. मुलांचा कोच दुसराच कुणीतरी झाला.

इकडे काय झालं, तर बाकावरचा गडी उभा राहिला. तो काही जावयासारखा नव्हता, पण दोन पायांवर उतरत होता. पहिले काही सामने संघ धडपडला, मग सावरला, मग एकेक पायरी चढत गेला. आकडेवाल्यांनी सहावा लिहिला होता. हंगाम संपला तेव्हा संघ तिसरा होता.

क्रीडागृहात मामांना खांद्यावर घेतलं लोकांनी. पहारेकरी म्हणाला, "मामा, जावई संघातून गेला तरी तुमचा आकडा ढळला नाही! ही खरी कमाल!" मामा खांद्यावरून खाली उतरायची धडपड करत होते. त्यांना त्या गर्दीत, त्या ओरड्यात, एकाएकी सगळं लख्ख दिसलं होतं. सातवा लिहिला असता तर कोचने कारण विचारलं असतं. जावई बसला असता, बाकावरचा गडी पहिल्या दिवसापासून खेळला असता आणि संघ तिसरा आलाच असता. खरी यादी खोटी ठरली असती आणि पाय राहिला असता. एकतीस वर्षं फळ्या वाचणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं, की उद्या ओरखडे काढणारा माणूस बदलताही येतो.

आठवड्याने वार्ताहर आला. त्याला मामांचा फोटो हवा होता, तोही जखमी जावयासोबत. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. वार्ताहर धापा टाकत बसला. जावई खुर्चीत, उजवा पाय दुसऱ्या खुर्चीवर सरळ ठेवलेला. लेक पाण्याचे ग्लास घेऊन आली.

"मामा, एकच सांगा," वार्ताहराने वही उघडली. "सगळे तक्ते चुकले. तुम्हाला तिसरा कशावरून दिसला?"

"नाही दिसला," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"सातवा दिसला होता."

जावई घाईने म्हणाला, "मामांचं आपलं काहीतरी! थट्टा करायची सवय आहे त्यांना."

"मध्ये बोलू नका, जावईबापू." मामा वार्ताहराकडे बघतच नव्हते. ते लेकीशी बोलत होते. "हे एका पायावर उतरत होते. मला हंगामाच्या आधी दिसलं. कोच विचारायला आला होता, मी भक्कम आहे म्हटलं."

लेकीने ट्रे खाली ठेवला. "किती आधी?"

"आठ दिवस."

"आणि तुम्ही?" ती नवऱ्याकडे वळली. त्याने मान खाली घातली. तेवढ्यात तिला सगळं समजलं. ती रडली नाही, ओरडली नाही. 

"म्हणजे तुम्हा दोघांना ठाऊक होतं. मीच एकटी टाळ्या वाजवत होते."

वार्ताहर वही मिटून म्हणाला, "वहिनी, हे मी छापत नाही."

"छापा की," ती म्हणाली. "नाही छापलंत तरी माझं काय अडतंय?"

त्याने नाही छापलं. फोटोही नाही काढला. तो जिना उतरून गेला, आणि खोलीत तिघं राहिली. मामा उठले, चपला शोधू लागले.

"बाबा, थांबा." लेक त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाली. "मंगळवारी नि शुक्रवारी यांना व्यायामाला न्यावं लागतं. तीन मजले खाली, तीन मजले वर. मी पुढून धरते, पाठीमागून धरायला कुणी नसतं. तुम्ही यायचं. सकाळी नऊला."

"येतो, बाई."

"बोलायचं नाही. फक्त धरायचं."

मंगळवारी मामा पावणेनऊलाच खाली फाटकाशी उभे होते. नऊ वाजल्याशिवाय ते वर गेले नाहीत. लेकीने दार उघडलं, आत या म्हटलं नाही. जावई काठी टेकत बाहेर आला. मामांनी त्याच्या पाठीमागून दोन्ही काखांत हात घातले, लेकीने पुढून त्याच्या कमरेचा पट्टा धरला आणि तिघं पहिली पायरी उतरली. पहिल्या वळणावर जावई दम खायला थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, मामांनाही होतं.

"चला," लेक म्हणाली.