‘स्वल्प लाज धर’

खून, दरोडे, मारामाऱ्या नोकरीत पुष्कळ पाहिल्या. निवृत्तीनंतर त्यातल्या बऱ्याचशा एकमेकांत मिसळून गेल्या. कॉलेजातल्या दोन मुलींचं एक साधं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बेंगळुरात गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडत होते आणि आम्हा पोलिसांना ई-मेल म्हणजे नेमकं काय, हेही धड ठाऊक नव्हतं. मी मूळचा बेळगावचा. मुलांच्या शाळेपायी कुटुंब तिकडंच, मी इथं क्वार्टर्समध्ये एकटा. ठाण्याचा कारभार कन्नडमधून चालायचा. मराठी कानावर पडायची ती रविवारी, एसटीडी बूथवरून घरी फोन लावला की.

एका सकाळी एक गृहस्थ मुलीला घेऊन ठाण्यात आले. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून बदलीवर आलेले. हातात छापील कागद होते. कुणीतरी टोपणनावानं त्यांच्या मुलीला आणि तिच्या ओळखीच्या सगळ्या मराठी पोरापोरींना ई-मेल पाठवत होतं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. तिच्याबद्दल नाही नाही ते लिहिलेलं आणि शेवटी दरवेळी तेच : ‘उद्यापासून कॉलेजला येऊ नको. स्वल्प लाज धर.’

मुलीनं कॉलेजला जाणं बंद केलं होतं. वडील म्हणाले, “साहेब, हा माणूस सापडला नाही तर हिला पुण्याला बहिणीकडे पाठवतो. वर्ष गेलं तर गेलं.”

“बाबा, मला इथंच शिकायचंय,” मुलगी म्हणाली.

तक्रार लिहून घेणाऱ्या आमच्या रायटरला मराठी येत नव्हती. एकेक ओळ कन्नडमध्ये करून मीच त्याला सांगत गेलो, बाप समोर बसलेला असताना. कितीतरी दिवसांनी आपली भाषा वाचायला मिळाली, ती ही अशी. फार वाईट वाटलं.

सायबर कायदा तेव्हा आलेला नव्हता. निनावी धमकीचं कलम लागण्यासारखं होतं, पण लावायचं कुणावर? ई-मेलची कंपनी परदेशात, आणि कॅफेत कोण येतं-जातं हे कुणी विचारत नसे. अशात वडिलांनीच फोन करून एक नाव कळवलं. त्यांच्या सहकाऱ्याचा मुलगा, पुण्याचाच, मुलीच्या मागे मागे असतो म्हणून.

पोराला त्याच्या वडिलांसमक्ष बोलावलं. मी कागद पुढं केला आणि मोठ्यानं वाच म्हटलं. तो वाचत गेला आणि शेवटच्या ओळीपाशी अडला.

“सर, ‘स्वल्प लाज’ असं कोण म्हणतं? आम्ही ‘जरा’ म्हणतो. स्वल्प फक्त विरामाला लागतो.”

भीतीनं गाळण उडाली तरी पोराचं व्याकरण सुटलं नव्हतं. मला हसू आलं आणि त्याचबरोबर डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वल्प हा शब्द मी दिवसभर ऐकत होतो. रिक्षावाला ‘स्वल्प मुंदे’ म्हणतो, म्हणजे जरा पुढं. कन्नडला माझा कान इतका सरावलेला, की तो शब्द मराठीत आलेला मला खटकलाच नाही. पुण्याचा माणूस असं लिहिणार नव्हता. हे लिहिणारं माणूस बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातलं होतं.

पोराला घरी पाठवलं आणि मुलीला विचारलं, “इथल्या जुन्या मराठी घरातलं तुझ्या ओळखीचं कोण आहे?”

टेबलाकडे बघत ती हळूच म्हणाली, “सर, तक्रार मागे घेता येते का?”

चोराच्या मनात चांदणं असतं हे ठाऊक होतं. फिर्यादीनं तोंड लपवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. या शहरात तिला एकच मैत्रीण होती, तीही अशाच जुन्या मराठी घरातली. नाव शेवटी वडिलांनी सांगितलं.

महिला कॉन्स्टेबलला घेऊन साध्या वेशात मी त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. आईनं दार उघडलं. “या अण्णा, बसा. स्वल्प काफी घेता नव्हं?”

मी काफीचा पेला बाजूला ठेवला आणि मुलीला बोलवायला सांगितलं.

मुलीनं नाकारायचा प्रयत्नही केला नाही. “गणपतीच्या नाटकाच्या तालमीत मी बोलले की सगळे हसत होते, सर. माझी नक्कल करत होते. माझी ही मैत्रीणपण हसली. कॉलेजात कन्नड पोरी मला मराठी म्हणतात, मराठी लोक कानडी म्हणतात. मग मी कुठली?”

“म्हणून रागानं एक मेल पाठवलास, समजलं. पुढचे एवढे कशाला?”

ती ओढणीचं टोक पिळत होती. “पहिला मेल गेला तेव्हा ती रडत रडत मलाच फोन केली. मग रोज करायला लागली. तास तास बोलत होती. त्याच्या आधी मला कोणी फोन करत नव्हतं, सर. मेल थांबले असते तर फोनपण थांबला असता.”

मला त्या मुलीचा राग येत होता आणि कीवही येत होती. एका फोनच्या आशेवर आठवडा कसा काढतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन्ही घरं ठाण्यात समोरासमोर बसली. माफीनामा झाला, आम्ही कडक समज दिली. मेल पाठवणाऱ्या मुलीला तिच्या घरच्यांनी दुसऱ्या कॉलेजात घातलं. पुण्याला पाठवायचा बेत रद्द झाला आणि वडिलांनी ठाण्यात पेढे वाटले.

आरोपी सापडला की फिर्यादीचं समाधान होतं, असं आम्हाला शिकवलेलं. तसं होतंच असं नाही, हे मला या प्रकरणात कळलं. आता तरुण अधिकारी मोबाईलवरच्या छळाची प्रकरणं घेऊन सल्ल्याला येतात. मेसेज कुठून आला हे ते चुटकीसरशी शोधतात. मी त्यांना म्हणतो, त्या पोराला किंवा पोरीला त्या दिवसांत आधार कुणाचा होता, हेही विचारा. आणि तो आधार तुम्ही काढून घेणार असाल, तर त्याच्या जागी काय ठेवणार, याचाही विचार करून जा.

त्या दिवशी पेढे वाटून वडील पुढं निघाले. मुलगी माझ्या टेबलापाशी रेंगाळली.

“सर, आता रडू आलं तर फोन कुणाला करू?”

मी चिठ्ठीवर ठाण्याचा नंबर लिहून दिला. पोलिसाकडे दुसरं काय असतं? तिनं ती चिठ्ठी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली, थँक्यू सर म्हणाली आणि वडिलांच्या मागे गेली. तिचा फोन कधी आला नाही.